खुदेजाच्या हातचा अर्धा दांडा

शरीफने दांड्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि कुऱ्हाडीच्या पात्यापासून हात खाली सरकवला. निम्म्यापर्यंत लाकूड मऊ लागलं. मग बोटं खरखरीत जागी आली आणि अडली. खुदेजा इथवर पोचली होती.

आखातात मुसंदमकडचे लोक ही इवल्या पात्याची कुऱ्हाड काठीसारखी हातात बाळगतात, तिला जर्झ म्हणतात. पाती तिकडून यायची. अल हैलमधल्या घराच्या पडवीत शरीफ सिदरचे, म्हणजे बोरीच्या भावंडाचे, दांडे तासायचा. काचकागद मारून, जवसाचं तेल पाजून, तळव्याने लाकूड गरम होईस्तोवर घासायचं काम त्याच्या बायकोचं, खुदेजाचं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. रत्नागिरीच्या या गोताला मात्र दांड्यांनीच जगवलं होतं. शरीफ मदतीला बसला की ती हसायची.

"ऱ्हाऊ द्या. तुमी घासलात तर अर्बाबच्या हातात कूस जायची."

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरातल्या एका दुपारी तिने तेलाची वाटी झाकली, आत जाऊन जरा आडवी झाली, ती पुन्हा उठलीच नाही. त्यानंतर शरीफने पडवीत पाऊल टाकलं नव्हतं. पण आता सलीम अर्बाब, त्यांचा अरब मालक, दांडा न्यायला येणार होता.

अझैब्याहून हिबा, त्याची लेक, डबा घेऊन आली. बापाच्या हातातला दांडा बघून ती दारातच थबकली.

"अब्बा, हा नका ना देऊ. त्यांना दुसरा बनवा. मम्मीचं लास्ट काम आहे हे."

"लाकूड सलीमच्या बापाच्या अंगणातलं हाय, बाय. झाड पडलं, त्यातलं येवढंच वाचलं. पुतण्याच्या लग्नात त्याला हाच हातात धरायचाय. मी नाही कसं म्हणू?"

"मग तुम्ही घासणार? तिच्यावर?"

"तिच्यावर कशाला? तिच्या खाली. माझा हात तो काय, आणि तिचा काय! दोघांचं काम आंधळ्यालापण वेगळं कळंल. सलीम दर जुम्म्याला याच वाटेनं नमाजला जातो. त्याला थांबवीन, तिच्या जागेवर हात ठेवीन."

हे तो लेकीची समजूत काढायला बोलला नव्हता. आपल्या हाताला गुण नाही, याचा त्याला जन्मात पहिल्यांदाच आधार वाटत होता.

हिबा गेल्यावर तो घासायला बसला. तिच्या कामाशेजारी ओबडधोबड काम ठेवायची लाज वाटली, म्हणून जीव ओतून घासलं. गाठीपाशी ती हात हलका करायची, तसा केला. तेल थेंबाथेंबाने पाजायची, तसं पाजलं. इतकी वर्षं समोर चहा पीत नुसतं बघत बसला होता, ते सगळं डोळ्यांपुढे येत गेलं. रडू आलं तेव्हा तो लाकडापासून बाजूला झाला, पोटभर रडला आणि पुन्हा येऊन बसला.

सलीम आला तो दांडा उचलून उन्हात घेऊन गेला. वरपासून खालपर्यंत त्याने सावकाश हात फिरवला.

"माशाल्ला," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "खुदेजाचा हात. मला पहिल्यापासून माहीत होतं, शरीफ. घासायची तीच. तुला असं कुठे जमतंय!"

"निम्माच तिचा आहे, अर्बाब. खालचा माझा."

सलीमने पुन्हा हात फिरवून पाहिला. मग दांडा शरीफपुढे धरला.

"कुठपर्यंत तिचा?"

"हे काय, दाखवतो," शरीफ म्हणाला.

त्याने पात्यापाशी बोटं टेकवली आणि खाली सरकवली. बोटं कुठेही न अडता थेट टोकाशी आली. त्याने कुर्त्याला हात पुसला, डोळे मिटले आणि पुन्हा सरकवली.

"शरीफ?"

"थांबा अर्बाब," तो म्हणाला. "इथंच हाय." आणि त्याने पुन्हा वरून सुरुवात केली.