कपाटामागचा गडगडाट

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. छपराचा नाही हं, नाटकातल्या गडगडाटाचा! रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड मला टांगत. खालच्या लाकडी मुठीला धरून हलवलं की प्रेक्षागृहात ढग गडगडत, आणि पुढच्या रांगेतली माणसं छत्री आणली का म्हणून एकमेकांकडे बघत.

मला हलवणाऱ्यांना सगळे गडगडबुवा म्हणत. माणूस इतका मऊ, की मांजरालाही ‘जरा सरकता का’ म्हणतील. खेळाआधी देवाचं नाव घेऊन ते मला हात जोडत. त्यांचा एकच नेम होता. काळा सदरा घालायचा आणि प्रेक्षकाला बोटही दिसू द्यायचं नाही. “आपण दिसलो की ढग मेला,” असं ते म्हणत.

मग साथ आली. नाट्यगृहाला कुलूप लागलं. बुवांना खेळ झाला तरच पैसे मिळत, तेही थांबले. त्यांनी मला गुंडाळून, सुतळीने करकचून बांधून घरी आणलं. कपाट आणि भिंत यांच्या सांदीत मी अकरा महिने उभा होतो. गुंडाळलेल्या पत्र्याचं सारं अंग उलगडायला धडपडत असतं, पण तिथे कूस बदलायलाही जागा नव्हती. वरच्या मजल्यावर आजारी माणूस. मी जरा कुरकुरलो की काकू, म्हणजे बुवांची पत्नी, दटावत, “गप रे बाबा!” बुवांचीही माझ्यासारखीच कोंडी. चार पावलं खिडकीपर्यंत, चार पावलं दारापर्यंत.

त्या खिडकीतून पाणी आत येई. एके सकाळी काकू म्हणाल्या, “अहो, हा पत्रा कापून खिडकीवर लावू. उद्या माणूस येतोय.”

“कापायचा?”

“मग काय पाळण्यात घालून जोजवायचा? कुठे आहेत आता तुमची नाटकं?”

बुवांची पावलं पुन्हा खिडकीकडे वळली. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

त्याच संध्याकाळी फोनवरून, व्हिडिओवर एक नाटक होतं. काम गेलेल्या पडद्यामागच्या लोकांसाठी नटमंडळी आपापल्या घरातून खेळ करणार आणि बघणाऱ्यांनी जमेल ती मदत पाठवायची. दिग्दर्शक बाईंनी बजावलं होतं, “बुवा, वादळाला खरा गडगडाट हवा. आणि सगळ्यांनी दिसा हं! मदत कुणाला जातेय ते लोकांना कळू दे.”

काकूंनीच वर जाऊन दोन मिनिटं आवाज करायची परवानगी आणली. बुवांनी पंखा उतरवून मला त्याच्या हुकाला टांगलं. आवाजाच्या धास्तीने तालीम काही झाली नव्हती.

वादळाचा प्रवेश आला. नावाडी झालेला नट आपल्या स्वयंपाकघरातून ओरडला, “आभाळा, फाटायचं तर आता फाट!”

बुवांनी मला जीव खाऊन हलवलं. मांडणीतली भांडी थरथरली. पण फोनमधला नावाडी आपला कान टवकारून उभाच! फोनला मी गोंगाट वाटलो होतो. त्याने मला गाळूनच टाकलं होतं. आणि बुवा? काळा सदरा घालून, सवयीने फोनच्या कडेला, अंग चोरून उभे. फोनवर प्रत्येकाची एकेक चौकट, पण त्यांच्या चौकटीत नुसती भिंत. शेजारच्या चौकटीत केशभूषाकाराची रिकामी खुर्ची, त्यापलीकडे पडदा ओढणाऱ्याचं बंद दार. ज्यांच्यासाठी खेळ, तीच माणसं झाडून सगळी आडोशाला!

“अहो, पुढे व्हा!” काकू कुजबुजल्या.

“अगं, आपण दिसायचं नसतं.”

“अकरा महिने नाहीच दिसलात. कुणी विचारलं?” असं म्हणून काकूंनी त्यांना दंडाला धरून मधोमध उभं केलं.

बुवा लाजेने डोळे मिटून, घामेघूम होत मला हलवत राहिले. आवाज कुणालाच गेला नाही. नावाड्याने मात्र त्यांना पाहिलं, हात जोडले आणि स्वतःच तोंडाने “गड गड गड!” केलं. मग एकेक चौकट भरू लागली. केशभूषाकार आला. पडदा ओढणारा आला. काय करावं ते न सुचून नुसतेच हात ओढू लागला. पाहणारे हसले, मग ही माणसं कोण ते त्यांना उमगलं, आणि देवाच्या दयेने मदत येऊ लागली.

खेळ संपल्यावर काकूंनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली. मग त्यांनी फोन लावला. “दादा, उद्या येऊ नका. पत्रा कामावर आहे.”

मित्रांनो, नाट्यगृह अजून बंद आहे. मीही पुन्हा कपाटामागे गुंडाळलेलाच आहे. पण दारं उघडली की नाटकाला नक्की या. टाळ्या वाजवताना एकदा कडेच्या अंधाराकडेही मान वळवा. तिथे कुणीतरी श्वास रोखून उभं असतं. त्याची विचारपूस करायला साथीची वाट बघू नका.