नाव सांगून बोल

"आज तू इचारतेस का मी जाऊन इचारू?" मी रंजिताले म्हणलं अन् अब्बूच्या गॅरेजातली स्कूटर स्टँडवरून खाली घेतली.

"फिजा, थांब नं वं! उद्या जाऊ."

"उद्या-उद्या करता करता सुट्टी सरली तुही. बस मागं!"

झालं असं होतं का, आमी दोघी तिकडं इंग्लंडात, लीड्सले शिकून राह्यलो होतो. मी पांढरकवड्याच्या बशीर मिस्त्रीची पोट्टी. हायवेवरच्या ट्रकायची इंजिनं खोलून अब्बूनं मले शिकवलं. रंजिता मारेगावकडच्या बंजारा तांड्यातली, तिथल्या म्होरक्याची, नेमसिंग नायकाची नात. जिल्हा एकच, पण वळख झाली ती होस्टेलच्या सैपाकघरात, तिथल्या फिक्क्या भाजीत दोघी एकदमच तिखट टाकायले धावलो तवा. तिसरी अच्येंग, केनियातल्या किसुमूची. तिच्याकडंही कापसाचं आमच्यासारखंच वाटोळं झालेलं. तिकडं जिनिंगले कुलूप, इकडं भाव मातीत. अन् वाचायले जावं त काय? सारे शहाणे दिल्ली अन् नैरोबीच्याच गप्पा हाणून राह्यले! माहं डोस्कंच फिरलं. म्हणलं, कायले कोनाची वाट पाह्यची, आपणच इंटरनेटवर पत्रिका काढू. आमची जिल्हा परिषद, तिच्याकडचं कौन्सिल, जिथं खरं राजकारण होते ते सारं लिवू. नाव ठरलं 'तालुका'. अच्येंगले तो शब्द इतका आवडला का पोट्टी दिवसभर "तालुका, तालुका" करत फिरली.

नियम एकच केला, तोही हात वर करून. ज्याच्याविषयी लिवलं, त्याले छापायच्या आधी इचारायचं.

एक जानेवारी दोन हजार सातले पहिला अंक टाकायचा होता. नाताळाच्या सुट्टीत आमी घरी आलो, तवा झेडपीच्या निवडणुकीची हवा जोरात होती. माह्या भावाचं, जमीरचं, एसटी स्टँडाजवळ सायबर कॅफे आहे. लोडशेडिंगच्या मधात मधात त्यानं आमचं पान असं झकास बनवलं का मी त्याले दोन वेळा चहा पाजला. मले झोपच येत नव्हती, खरं सांगते. रस्त्यानं जाता जाता अनोळखी माणसालेही सांगावं वाटे, भाऊ, आमची पत्रिका येऊन राह्यली!

पण पहिला लेख रंजिताचा होता, अन् घोडं तिथंच अडलं होतं.

काय लेख होता, बाप्पा! निवडणूक आली का उमेदवार तांड्यात येते, नायकासंग चहा पिते, नायक शब्द देते, अन् साऱ्या तांड्याची मतं एकाच निशाणीवर पडतात. मागच्या खेपेले पंजाबराव नावाच्या उमेदवारानं कापूस खरेदी केंद्राचं वचन देऊन तो शब्द नेला. केंद्र काही आलं नाई. रंजितानं सारं लिवलं होतं, आजोबाच्या नावासकट. खाली स्वतःचं नाव मात्र नाई. तिथं 'एक विद्यार्थिनी'.

"तांडा म्हणे, पोरगी समुंदरापार कायले पाठवता," स्कूटरवर मागून ती म्हणाली. आजोबाले ती दादा म्हणे. "दादानं कोनाचं ऐकलं नाई. आता मी त्याहिच्यावरच लिवलं. ते तुटले त माहं घरच गेलं, फिजा." तिचा आवाज रडका झाला होता. पण मी स्कूटर थांबवली नाई. तिनं न इचारता छापलं असतं त ते जन्मभर तिले सललं असतं.

नेमसिंग नायक अंगणात बाजेवर बसले होते. पांढरं पागोटं, हातात अडकित्ता. रंजितानं खाली पाहत सांगितलं का दादा, मी तुमच्यावर लिवलं, ऐका. म्हाताऱ्यानं सुपारी कातरायची थांबवली.

"एकट्यात नाई आयकत मी. तांड्याचं बोलणं तांड्यात. आज बसक हाय, तिथं वाच."

मेलो! मी मनातच म्हणलं. एका माणसाले इचारायले आलो अन् आता साऱ्या तांड्यापुढं परीक्षा.

या बसकीले ते नसाब म्हणतात. लिंबाखाली माणसं गोल बसली, बाया मागं, भिंतीच्या कडेले. रंजिताचा बाप रामधन मान खाली घालून एका बाजूले. तिची माय लालीबाई, तांड्याच्या गोरबोलीत तिची याडी, तोंडावर पदर ओढून साऱ्यात मागं. सासऱ्यापुढं ती आजवर एक शब्द बोलली नव्हती, हे रंजितानंच मले सांगितलेलं. रंजितानं कागद उघडला अन् वाचायले लागली.

"थांब," नायक म्हणाले. "बसकीत कसं बोलतात, इसरली का तिकडं जाऊन? पयले नाव सांगायचं. कोनाचं लेकरू, कोन्या तांड्याचं, मंग बोलायचं. बिननावाचं बोलणं इथं कोनी धरत नाई."

रंजितानं कागदाकडं पाह्यलं. मग पुटपुटली, "लेखाले माहं नाव नाई, दादा."

"माहं हाय?"

"हाय."

"मंग मी उत्तर कोनाले देऊ?"

इतके दिवस आमी अच्येंगसंग फोनवर खल केला होता, टोपणनाव बरं का खरं बरं, अन् हे कोनालेच सुचलं नव्हतं. रंजिताचे कान लाल झाले. पण पोट्टीनं पाठ सरळ केली.

"मी रंजिता. रामधनची पोरगी, नेमसिंग नायकाची नात. याच तांड्याची."

अन् वाचत गेली. मराठीत वाचे, मग गोरबोलीत समजावून सांगे. पंजाबरावाच्या चहावर पोट्टे फिसफिस हसले. वाचता वाचता ती म्हणाली, "त्या वर्षी तांड्यानं ठरवलं का पंजाबरावाले मत द्यायचं..."

"चुकलं," नायक म्हणाले.

झालं! आता म्हणतील फाड कागद. मी रंजिताचा हात घट्ट धरला.

"तांड्यानं नाई ठरवलं. म्या ठरवलं. कोनाले इचारलंच नव्हतं म्या. लिवायचं त तसं लिव. माह्यावर माया हाय म्हणून तांड्याच्या माथी मारू नको."

रामधननं मान वर करून बापाकडं पाह्यलं. तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. लालीबाई उभी राह्यली. पदर तसाच, आवाज बारीक, पण साऱ्यायले आयकू येईल असा.

"मी लालीबाई. उकंडाची पोरगी, या तांड्याची सून. मले इचारलं नव्हतं."

मग सुखीबाई उठली. मग तिची जाऊ. एक-एक बाई नाव सांगे, बापाचं नाव सांगे अन् म्हणे, मलेही नाई इचारलं. रंजिता रडत रडत लिवून राह्यली होती, मीही रडून राह्यली होती, अन् नायक प्रत्येकीकडं तोंड वळवून आयकत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "आयकलं म्या. छाप."

परत येताना मी स्कूटरवर असली ओरडली का रस्त्यानं जाणारा गाडीवाला दचकला!

दुसऱ्या दिवशी लाइट आली तसा जमीरनं लेख चढवला. वरती नाव: रंजिता, रामधनची पोरगी, नेमसिंग नायकाची नात. मी माह्या संपादकीयाखालचं 'संपादक मंडळ' खोडलं अन् लिवलं, फिजा, बशीर मिस्त्रीची पोरगी, पांढरकवडा. अच्येंगले फोनवर सांगितलं, त तिकडून ती किंचाळली अन् म्हणाली का थांबा, माहं नावपण बदला, मायचंही टाका, आजीचंही टाका. जमीर म्हणे, "पान नावांनीच भरून जाईल!"

पहिला अंक लागला. आमी दोघी त्या चिमुकल्या कॅफेत नाचलो, गिऱ्हाईकं पाहत राह्यली. तेवढ्यात रंजिताचा मोबाइल वाजला. रामधनचा होता. तिनं कानाले लावला, अन् मी माहा कान तिच्या कानाले.

"पंजाबराव आलता," तो सांगे. "जीप घिऊन, शब्द न्यायले. तुह्या दादानं बाजेवरून उठूनई नाई पाह्यलं. म्हणे, शब्द आता माह्यापाशी नाई. घरोघर जा, एका-एकाले इचार."

"मंग?" रंजिता ओरडली. "मंग गेला का?"

"गेला नं. पयलं घर आपलंच दाखवलं दादानं. म्हणे, माह्या सुनेपासून सुरू कर."

"अन् याडी काय म्हणाली?"

रामधन हसायले लागला.

"तुही याडी दारात आली अन् त्याले म्हणे, आधी नाव सांग."