मोहाखालची अंगणवाडी

मी खोटं बोलत नाही असं नाही. सासूशी बोलले आहे, पाहुण्यांशी बोलले आहे, एस.टी.च्या कंडक्टरशी तर पोरीच्या वयावरून दर वेळी बोलते. पण एका खोट्याची मला अजून चीड येते. ते मी सरकारच्या वहीत, वरून सांगितल्याप्रमाणे, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

१९८५ साली मी, मनकर्णा रामटेके, आलापल्लीच्या जंगलातल्या आमच्या गावची अंगणवाडी सेविका झाले. नेमणुकीचा कागद आमच्या घरात पहिल्यांदाच आला. बापाने तो चार जणांकडून वाचून घेतला आणि तरी पाचव्याला विचारलं. मी छप्पन सालची, धम्मदीक्षेच्या वर्षीची. बाप म्हणायचा, "तू मान वर करायच्या साली जन्मली. वाकशील तं मले सांगू नको."

प्रशिक्षण ब्रह्मपुरीला झालं. तिथल्या मीराबाई भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवून बालशिक्षणाचा इतिहास सांगायच्या. दुपारची वेळ, पोटात वरणभात. बाकीच्या बायका डुलक्या काढायच्या. मला मात्र ती फोटोतली माणसं आवडली, कारण एकजात सगळी हट्टी निघाली. रोमच्या माँटेसरीबाई डॉक्टर होत्या. आईबाप कामावर गेले की जिन्यांत उनाडणारी मजुरांची पोरं त्यांनी हाती घेतली. गुजरातचे गिजुभाई वकिली सोडून पोरांत जाऊन बसले, लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायचे. आपल्या ताराबाई मोडकांच्या बालवाडीत वस्तीतली पोरं येईनात, तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणात नेली. आणि सगळ्यांत जुना तो लांब केसांचा जर्मन, फ्रोबेल. त्याने पोरांसाठी खेळाची शाळा काढली आणि तिला पोरांची बाग म्हटलं. प्रशियाच्या सरकारला त्यात धोका दिसला! पुतण्याने काहीबाही लिहिलं होतं, त्याचा राग काकावर काढला म्हणतात. १८५१ साली बंदी घातली. ती उठायच्या आधीच म्हातारा गेला. हे ऐकून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आता मोहाचं सांगते. आमच्याकडे चैत्राच्या तोंडावर मोह गळायला लागला की पहाटेच गाव रिकामं होतं. घराघराची झाडं ठरलेली आहेत, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. तान्ही, रांगती, चालती, सगळी पोरं आयांबरोबर तिकडेच. दुपार व्हायच्या आधी कोणी परतत नाही.

पहिल्या वर्षी मी अंगणवाडीच्या खोलीत पोरांविना बसायचे. मदतनीस रुखमाबाई चुलीवर खिचडीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवायची आणि दोघी माशा हाकायचो. आमच्या पर्यवेक्षिका सोनीबाई वाईट नव्हत्या, फक्त घाबरट होत्या. त्या म्हणाल्या, "मोहाच्या महिन्यात सगळ्याच सेविका पूर्ण हजेरी मांडतात. तूही मांड, काऊन डोक्याले ताप करून घेतं?" मी मांडली. अठ्ठावीस पोरं, हजेरीच्या अठ्ठावीस फुल्या.

त्यातली एक फुली रुखमाबाईच्या नातीची होती. मंगरी, तीन वर्षांची. त्याच सकाळी मोहाखाली ती राखेत चालत गेली. वरून राख काळी, थंड दिसते. खाली निखारा असतो. दोन्ही पाय भाजले. वहीत पोर माझ्यासमोर बसून गाणं म्हणत होती आणि जंगलात तिची आई तिला खांद्यावर टाकून दवाखान्याकडे धावत होती. रुखमाबाईने दुसऱ्या दिवशीही वेळेवर गंज चढवला. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी मोह गळायला लागला तशी मी खोलीला कुलूप घातलं. गंज रुखमाबाईच्या डोक्यावर, चेंडू आणि पाट्या माझ्या टोपलीत, आणि अंगणवाडी निघाली जंगलात. चार घरांची झाडं जवळजवळ होती, त्यांच्या मधली जागा आयांनी आदल्या दिवशीच झाडून दिली, न जाळता. पोरं फुलांचे ढीग करायची, लहान-मोठी निवडायची, दहा-दहा मोजायची. मातीत काडीने रेघ ओढली की तिच्यावरून तोल सांभाळत चालायची. भाजल्या पायांची मंगरी सगळ्यांत पुढे. हजेरीच्या वहीत रोज लिहिलं: ठिकाण, मोहाखाली.

अठराव्या दिवशी जिल्ह्याहून साहेब आले. जीप कुलपासमोर थांबली, मग विचारत विचारत आमच्यापर्यंत पोचली. मागे सोनीबाई, पदराने घाम पुसत.

"केंद्र बंद का?" साहेबांनी विचारलं.

"बंद नाई साहेब. इथी सुरू आहे. मोजून घ्या, सव्वीस आहेत. दोघांले ताप आहे."

साहेबांनी पोरं मोजली नाहीत. त्यांनी वही मागितली आणि बराच वेळ चाळली.

"बाई, मंजूर जागा म्हणजे ती खोली. बाकी बारा गावांत मी फिरलो, वह्या तपासल्या. सगळीकडे मुलं खोलीत हजर आहेत."

"वह्या तपासल्या. खोल्या तपासल्या का?"

सोनीबाईंनी डोळे मिटले. साहेब चिडले नाहीत, उलट आवाज मऊ केला. ते मला जास्त लागलं.

"हे बघा, तुमचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. ही अठरा पानं नवीन लिहा. ठिकाण खोली. मी सही करतो, विषय संपला. नाहीतर केंद्र अठरा दिवस बंद होतं असं मला वर लिहून द्यावं लागेल, आणि मग नोकरी राहणार नाही."

मला नोकरी हवी होती हो. नवरा दारूत, पोरगी शाळेत, आणि बाप अजून तो कागद उशाशी ठेवून झोपत होता. क्षणभर माझा हात वहीकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात चुलीपाशी रुखमाबाईने गंजात पळी फिरवली. ती वर बघत नव्हती.

"मागच्या साली लिहिलं होतं तसं," मी म्हणाले. "पोरगी खोलीत, पाय आगीत. आता नाई लिहीत."

"नियम आहे बाई!"

"प्रशियाच्या सरकारचाही होता."

"कोणाच्या?"

"प्रशियाच्या. त्याइनं पोराइची शाळा बंद केली होती. ते सरकार आता नकाशात सापडत नाई साहेब. शाळा मात्र आमच्या जंगलापर्यंत आली. ताराबाईनं कुरणात नेली होती, मी मोहाखाली आणली. तुमच्या खुर्चीले काय दुखून राह्यलं?"

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण बोलले, आणि बरं वाटलं.

साहेबांनी सोनीबाईंना लिहायला सांगितलं: केंद्र बंद आढळले. सोनीबाईंनी पदराला हात पुसले आणि लिहिलं. मी सही केली नाही. साहेबांनी खोलीची चावी मागितली, ती दिली. मंगरी तेवढ्यात साहेबांच्या बुटापाशी आली आणि म्हणाली, "बाजूले व्हा, फूल चेंगरते." साहेब सरकले. तेवढंच एक त्यांनी ऐकलं.

महिन्याभरात कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. बापाने तेही वाचून घेतलं, चार जणांकडून. मग म्हणाला, "हेही ठेव. दोन्ही ठेव." मला राग आला होता, अजून आहे, आणि तो गेला नाही तरी चालेल.

माझ्या जागी मुलचेऱ्याकडची एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची, दहावी पास, साहेबाचं नाव काढलं की उभी राहणारी. पुढच्या चैत्रात मी आमच्या झाडाखाली मोह वेचत होते. ऊन वर आलं होतं. पायवाटेवर आवाज झाला म्हणून पाहिलं, तर रुखमाबाई येत होती. डोक्यावर भरलेला गंज, चाल अशी की रस्ता तिच्या बापाचा. मागून ती नवी सेविका धावत होती, एका हातात वही, दुसऱ्यात चेंडू, तोंड रडवेलं.

"बाई, थांबा ना! साहेब येतील!"

रुखमाबाईने मान वळवली नाही.

"येतीन तं येतीन. पोराइच्या पंगतीत बसव त्याइले."