सावडीचा चुकवलेला दिवस

जयवंताचा 'र' मला पहिल्या दिवसापासून सलत होता. स्पॅनिशमधला जाड र काढताना आमच्या कॉलेजच्या वर्गातल्या सगळ्यांची तोंडं वाकडी व्हायची. आणि ही कळंबच्या वरच्या वाडीतली पोर पहिल्याच तासाला तो असा खडखडवून मोकळी झाली, की मॅडम पुस्तक खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. मी खालच्या पोशीर गावातली. धातूंची रूपं मला झोपेतून उठवून विचारा, एक चुकायची नाही. पण माझ्यासाठी मॅडमनी कधी पुस्तक खाली ठेवलं नाही.

तरी अभ्यास आम्ही दोघी एकत्रच करायचो, आणि तोही सावडीने. भातलावणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून आमच्याकडे आज सगळ्यांनी माझ्या शेतात लावायचं, उद्या तुझ्या. तसंच आमचं. एक दिवस ती आमच्या घरी येऊन माझी तयारी करून घ्यायची, दुसऱ्या दिवशी मी वाडीवर जाऊन तिची. व्याकरण माझं, उच्चार तिचे. दोन वर्षं हे नीट चाललं.

तिसऱ्या वर्षी स्पेनची जागा आली. एकच. सहा महिने तिथल्या विद्यापीठात, खर्च त्यांचा, निवड तोंडी परीक्षेवर. त्यासाठी एक गोष्ट नेमली होती. त्यातली बाई शेजारणीच्या लिंबोणीच्या मुळाशी रोज चोरून उकळतं पाणी ओतते. ती असं का करते, यावर स्पॅनिशमध्ये बोलायचं होतं.

परीक्षा सोमवारी. शनिवारी जयवंता आली आणि दिवसभर माझे उच्चार घासूनपुसून गेली. रविवार तिचा होता. सकाळी मी छत्री घेतली आणि उंबऱ्यातच थांबले. मी जाणार, तिचं व्याकरण सुधारणार, आणि त्या सुधारलेल्या व्याकरणावर ती माझी जागा घेऊन जाणार. एवढं मोठं मन माझ्याकडे नव्हतं. ताप आलाय, असा मेसेज टाकला आणि गोधडीत शिरले.

लावणीला निघालेले बाबा दारात थांबले. मी वाडीवर का गेले नाही, ते त्यांनी विचारलं नाही.

"आपली लावणी उरकून जो लोकांची टाळतो, त्याच्या बांधावर पुन्ना कोन येत नाय, श्रद्धा," एवढं म्हणाले आणि गेले.

दुपारी जयवंता गवती चहाची जुडी घेऊन हजर. वाडीवरून पोशीरपर्यंत, भर पावसात. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, आत जाऊन चहा उकळला, मला पाजला आणि पायाशी बसली. तू पडून राहा, म्हणाली, आपण नुसतं बोलू. पुन्हा माझीच तयारी. मी पाठ केलेलं भाषण पुटपुटले. बाईची कोंडी, समाजाचा दाब वगैरे. तिने नाही म्हणून मान हलवली.

"तिला लिंबं नको व्हती गं. शेजारनीनं कवा तरी तिच्या दारात मागाया यावं, येवढंच पायजे व्हतं."

मी गोधडीत घामाने भिजले होते. असं मला का सुचत नाही, या रागाने तरी खरा ताप आला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी माझा नंबर आधी होता. पाठ केलेलं भाषण मी बाजूला ठेवलं आणि तिचं वाक्य बोलले, माझ्या बिनचूक व्याकरणात. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. हे कुणाशी बोलून सुचलं का, त्यांनी विचारलं. नाही, एकटीलाच सुचलं, मी म्हटलं. माझ्यामागून जयवंता आत गेली आणि लगेच बाहेर आली.

जागा मला मिळाली.

निकालाच्या दिवशी नेरळ स्टेशनाबाहेर आम्ही टेंपोची वाट बघत उभ्या होतो. ती मनापासून खूश दिसत होती, ते मला आणखीनच झोंबलं. शेवटी न राहवून विचारलं, तू आत काय बोललीस?

"दुसरंच कायतरी. दारातून तुझं सगळं ऐकू येत व्हतं. मी तेच बोलले असते तर दोघींनी पाठ केलंय वाटलं असतं."

सगळं म्हणजे 'एकटीलाच'सुद्धा. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"आनि रविवारी कपाळ गार व्हतं तुझं," ती म्हणाली. "म्हटलं, घाबरली असंल."

कळंबचा टेंपो आला, एकाच जागेपुरता मोकळा. पाठीमागे चढून तिने मांडीवर पिशवी घेतली आणि माझ्याकडे वाकली.

"माझा दिवस राहिलाय तुझ्याकडं. परत आलीस का भरून दे."

टोमणा असता तर मी भांडून मोकळी झाले असते. पण ती सावडीतलंच बोलत होती, घरात बोलतात तसं. टेंपो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभी होते. स्पेनला मी जाणार होते, आणि हेवा मला अजून तिचाच वाटत होता.