डावा गाल

"आ करा, आजी. मोठ्ठा आ."

आजींनी आ केला. तोंड उजवीकडून उघडलं, अर्धांगवायूनं लुळी पडलेली डावी बाजू तशीच लोंबत राहिली. टेलरबाईनं चमचा अर्धाच भरला होता, कोर्समध्ये शिकवलं होतं तसा. पाठ ताठ, हनुवटी जरा खाली, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. सगळं तोंडपाठ होतं. तरी चमचा वाटीच्या काठावर टकटक वाजत होता आणि तो आवाज पलीकडच्या खोलीत जाईल म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

पलीकडे आजींची लेक कॉम्प्युटरसमोर बसून ऑफिसातल्या लोकांशी बोलत होती. सकाळी दार उघडल्या उघडल्या तिनं विचारलं होतं, "मावशी, अनुभव किती वर्षांचा?"

"दोन वर्षांचा, ताई."

घरोघरी सेवेला बायका पाठवणाऱ्या ब्युरोवाल्या बाईनं तसंच सांगायला सांगितलं होतं. खरं तर हा तिचा पहिलाच दिवस. उभं आयुष्य कपडे शिवण्यात गेलं. मग तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवलं, मशीन धूळ खात पडलं, तेव्हा तिनं या वयात रुग्णसेवेचा कोर्स केला. वर्गातल्या पोरींनी तिचं नाव टेलरबाई पाडलं, आणि परीक्षेत ती पहिली आली तेव्हा टाळ्याही त्याच पोरींनी वाजवल्या.

पण ती पहिली आली ती जावईबापूंच्या जिवावर. जावईबापू म्हणजे वर्गातला रबरी पुतळा. दिवसभर हातपाय ताणून पडून राहायचा आणि दहा बायका त्याच्या दिमतीला, म्हणून हे नाव. त्याला पुसायचं, कुशीवर वळवायचं, भरवायचं. तोंडात घास सारला की तो गळ्यातल्या नळीतून थेट पलंगाखालच्या बाटलीत जायचा. जावईबापूंनी कधी कुरकुर केली नाही, कधी घास मागे ठेवला नाही. असा गुणी माणूस शोधून सापडायचा नाही.

वाटी संपली. टेलरबाईला हायसं वाटलं. जेवणानंतर बसवून ठेवायचं असतं, तेवढा वेळ तिनं आजींना बसवलं. आजी पेंगायला लागल्या तेव्हा ओठ पुसले, पाठीमागच्या उशा काढल्या आणि त्यांना अलगद आडवं केलं.

थोड्या वेळानं घशातून घरघर आली. टेलरबाईनं वळून पाहिलं. आजींचे डोळे सताड उघडे होते, धडधाकट उजवा हात चादर ओरबाडत होता आणि ओठ काळेनिळे पडत चालले होते. घरघरही थांबली.

ती जागच्या जागी थिजली. पहिल्यांदा मनात आलं ते आजींचं नव्हतं. ताईंना कळेल, हेच आलं. मग हात आपोआप हलले. तिनं आजींना कुशीवर वळवलं, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्यानं दणके दिले, एक, दोन, आणखी एक. तोंडाच्या कोपऱ्यात भात दिसला. बोटाला रुमाल गुंडाळून तिनं तो ओढला, तर डाव्या गालातून सगळा लगदाच बाहेर आला. दुपारचं निम्मं जेवण तिथं साठलं होतं. गिळलं असं तिला वाटलं होतं, ते आजींनी गिळलंच नव्हतं. त्या बाजूला काही आहे, हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं.

आजी खोकल्या, श्वास आत ओढला आणि लहान पोरासारख्या रडायला लागल्या. टेलरबाई त्यांची पाठ चोळत राहिली. कोर्सच्या पहिल्या नंबराला रबरी गालाची तेवढी माहिती होती. माणसाच्या गालात घास बसून राहतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

पलीकडून लेकीच्या हसण्याचा आवाज आला. तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. आजींना धड बोलता येत नव्हतं. रुमाल मुठीत होता, मोरी चार पावलांवर. नळ सोडला की विषय संपला असता. टेलरबाई मोरीपर्यंत गेलीसुद्धा. तिथं तिच्या मनात आलं, संध्याकाळी आपण गेल्यावर ताईच भरवणार. ताईंना तरी गालाचं कुठं माहीत आहे?

तिनं दारावर टकटक केली. "ताई, जरा बाहेर येता?"

तिनं रुमाल उघडून दाखवला, झालं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि दोन वर्षं नाहीत, ताई. आजचा पहिलाच दिवस आहे माझा."

लेक धावत जाऊन आईला बिलगली. "मेली असती माझी आई!"

"हो," टेलरबाई म्हणाली.

लेकीनं तिच्यासमोरच ब्युरोला फोन लावला आणि खडसावून उद्यापासून दुसरी बाई मागितली. फोन ठेवल्यावर मात्र तिचा आवाज खाली आला. "संध्याकाळचं जेवण होईपर्यंत थांबा. मला एकटीला भीती वाटतेय."

संध्याकाळी लेक पलंगाच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी राहिली. टेलरबाईनं चमचा पुढे केला. आजींनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. त्या चमच्याला नाही, तिला घाबरत होत्या. सकाळपासून टेलरबाई ताईंना भीत होती, ब्युरोला भीत होती, पण आजींच्या डोळ्यांतली ही भीती सगळ्यात वाईट होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मी पण घाबरलेय हो. माझे हात बघा. मी नाही भरवत. तुम्हीच न्या. माझं मनगट धरा आणि तुम्हाला वाटेल तेव्हाच तोंडाकडे न्या."

आजींनी मान वळवून तिच्या हातांकडे पाहिलं. मग आजींचा उजवा हात उठला. त्यांनी तिचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. चमचा मध्येच थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. आजींनी घास घेतला.

"ताई, जवळ या," टेलरबाई म्हणाली. "दर दोन घासांनी इथं, डाव्या गालात बघायचं. आजींना सांगायचं, जीभ फिरवा. राहिलं असलं की असं बोटाला कापड गुंडाळून काढायचं. उद्या येईल तिलाही सांगा. तिला माहीत असेलच असं नाही."

लेक वाकून बघत होती. तिनं मान हलवली. राहा असं काही ती म्हणाली नाही, आणि टेलरबाईनंही विचारलं नाही.

जेवण फार वेळ चाललं. वाटी रिकामी झाली तशी टेलरबाई रुमाल घ्यायला वळली. मागून आजींनी घशातून आवाज काढला. त्यांनी तोंड उघडलं होतं. उजव्या हाताचं बोट घालून त्यांनी आपला डावा गाल बाजूला ओढून धरला होता. डोळे लेकीकडे नव्हते, टेलरबाईवर रोखलेले होते.

ती खाली वाकली आणि नीट, आतपर्यंत पाहिलं.

"काही नाही राहिलं, आजी," ती म्हणाली आणि त्यांचं तोंड पुसायला लागली.