तिरपी

"जाळं नको मॅडम, मीच आणतो तिला," माकडांच्या खोलीचा राखणदार डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

"जमेल का काका? आज सुट्टी घेतली असती तरी चाललं असतं."

"सुट्टी घेऊन घरी काय करू? बायकोची बोलणी खाऊ?"

प्रयोगशाळेत त्या माकडिणीला सगळे तिरपी म्हणत. मान कलली की डोळाही खोबणीत किंचित पीळ घेतो आणि जग सरळ राखतो. असा पीळ देणाऱ्या एका स्नायूची नस डॉक्टरीणबाईंनी तिच्या उजव्या डोळ्यामागे छाटली होती. त्या नसेवाचून डोळा कसा फिरतो ते मोजायला. मोजून झालं होतं. आता तो स्नायूच काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा होता. म्हणजे तिरपी परत येणार नव्हती.

नस गेल्यापासून तिला एकाचे दोन दिसत, त्यातलं एक कललेलं. मान डावीकडे झुकवली की दोन्ही जुळून येत. तिच्याशी बोलताना राखणदारही मान झुकवी, आणि खोटं वाटेल, पण त्याची मान तशीच राहिली. शिंपी त्याच्या सदऱ्याची कॉलर तिरकी बेतू लागला. घरचा नळसुद्धा म्हणे डावीकडे ठिबकायचा. बायको म्हणे, "त्या सवतीला दोन-दोन नवरे दिसतात. मला हा एकच पुरून उरलाय!"

जाळं दिसलं की तिरपी किंचाळत भिंतींवर आपटे. दोनांतल्या कुठल्या जाळ्यापासून पळायचं तेच तिला कळत नसे. आज शेवटच्या दिवशी तरी ते नको, एवढंच राखणदाराचं मागणं होतं.

त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं. "ये गं पोरी. घाई नाही."

तिचा हात आधी हवेतच फिरला. मग मान झुकवून ती जरा थांबली आणि नेमकं त्याचं बोट धरलं. तिला कडेवर घेऊन तो पाय ओढत बोळातून चालला. ती त्याच्या मानेवरचे केस निवडत होती. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली तेव्हाही निवडतच होती. मग बोटं सैल पडली.

"काका, घरी जा आता. पिंजरा उद्या धुवा."

"ओला राहिला की वास धरतो, मॅडम. आजच उरकतो."

त्याने पिंजरा धुतला, गज पुसले, गुडघ्यांवर बसून कोपरे कोरडे केले. मग तो उठला, आणि आत कुणी नुकतंच झोपलं असावं तसं त्याने दार हळूच लोटलं.