लाखाच्या सायकलीला स्टँड नाही

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हटल्याबरोबर गंजकी चेन आणि फाटकी सीट डोळ्यांपुढे आणू नका हं! माझं वय अवघं सात वर्षं, आणि दुकानात माझ्या गळ्यात जी चिठ्ठी होती तिच्यावर लिहिलं होतं, एक लाख दहा हजार रुपये. आलं ना तोंडून 'बापरे'? सगळ्यांच्याच येतं. सायकलीला एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न मी जन्मल्यापासून ऐकते आहे. आज मी त्याचं उत्तर देणार आहे. पण आधी माझी हकीकत ऐकावी लागेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या जोडून माझं अंग घडवलं. पुढच्या चाकाला स्प्रिंगचे दोन पाय दिले, खड्डा आला की ते आपोआप दबतात. ब्रेक तेलावर चालणारे, एका बोटाने दाबले तरी चाक जागच्या जागी थांबतं. गिअर बारा. आणि वजन? फक्त बारा किलो! नागपूरच्या दुकानात मी काचेमागे उभी असायची, तेव्हा रस्त्याने जाणारी मुलं काचेला नाक लावून बघायची. मला वाटायचं, जगात आपल्यासारखं कुणीच नाही.

गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यातल्या साहेबांनी मला विकत घेतलं. डॉक्टरांनी त्यांना पोट कमी करायला सांगितलं होतं. साहेबांनी माझ्याबरोबर टोपी, हातमोजे, काळा चष्मा आणि एक घट्ट चड्डीही घेतली. अकरा रविवार ते मला घेऊन फिरले. बाराव्या रविवारी घरी पाहुणे आले, तेराव्याला आभाळ आलं, आणि मग मला गॅलरीतल्या खुंटीला टांगण्यात आलं.

मित्रांनो, मी तिथे पाच वर्षं लटकले! माझ्या अंगावर सिमेंटची धूळ साचली. बाईसाहेब माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घालू लागल्या. मी रस्त्याकडे बघायची आणि मनातल्या मनात पॅडल मारायची. मला खूप रडू यायचं, पण सायकलीला डोळे नसतात.

मग साहेबांची बदली झाली. सामान भरताना त्यांनी आपल्या ड्रायव्हरला, सुरेंद्रला हाक मारली आणि म्हणाले, "ही तू घेऊन जा." सुरेंद्रने मला एसटीच्या टपावर बांधलं आणि वडशाच्या पलीकडे, जंगलातल्या आपल्या गावी, पळसटोल्याला आणलं. त्या दिवशी टपावरच्या वाऱ्याने माझी चाकं आपोआप फिरत होती. मी इतकी खूश होते की विचारू नका.

अंगणात सगळं गाव जमलं. सुरेंद्रचे वडील नथ्थू म्हणजे मासेमारीत हयात घालवलेला माणूस. त्यांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"कितीची हाय?"

"एक लाख दहा हजाराची, बाबा."

"बाप्पा!" नथ्थूभाऊ खाली बसले. "अन् कॅरिअर कुठी हाय?"

"नाई."

"मडगार्ड?"

"नाई."

"घंटी?"

"साहेबाले घंटी आवडत नव्हती."

"अन् हे भिंतीले काऊन टेकवली? स्टँडवर लाव."

"स्टँड बी नाई, बाबा."

नथ्थूभाऊ मोठ्याने हसले. "अरे, जिले आपल्या पायावर उभं राह्यता येत नाई, तिचे लाख रुपये कायचे? माह्या काळीकडे पाह्य!"

काळी म्हणजे त्यांची तीस वर्षांची सायकल. अंगाने जाडजूड, माझ्या दुप्पट वजनाची. तिच्या कॅरिअरवर माशांच्या दोन टोपल्या, वर भाताचं पोतं, आणि पुढच्या दांडीवर नातू, असं सगळं घेऊन ती बाजाराला जायची. ती अंगणात आपल्या स्टँडवर ऐटीत उभी होती. मी भिंतीला टेकून होते. लाखाच्या सायकलीचा पहिल्याच दिवशी असा पाणउतारा झाला!

सुरेंद्र नोकरीवर परत गेला, पण त्या घरात एक माणूस माझ्या बाजूचं होतं. रीता. सुरेंद्रची बायको. तिने माझी धूळ पुसली, चेनला तेल दिलं, आणि दुसऱ्या दिवशी साडीचा काष्टा घालून मला गावाबाहेर घेऊन गेली. गिअर कसे टाकायचे ते तिला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत तिनेच शोधून काढलं. चढावर हलका गिअर पडला आणि ती न उतरता वर पोचली, तेव्हा ती एकटीच ओरडली, "आई वं! हे तं चढून राह्यली!"

रीता मासे विकायला गावोगाव जायची, म्हणून मला कॅरिअर हवं होतं. नथ्थूभाऊ मला विक्कीच्या वेल्डिंगच्या दुकानात घेऊन गेले. "दोन टाके मार," म्हणाले. विक्कीने आयुष्यभर फक्त लोखंड जोडलं होतं. नळी लाल झाली की टाका मारायचा, हे त्याचं शास्त्र. तो माझ्या नळीवर ज्योत धरून लाल होण्याची वाट पाहत बसला. मित्रांनो, ॲल्युमिनियम लाल होतच नाही! ते एकदम वितळतं. माझ्या मागच्या नळीला हरभऱ्याएवढं भोक पडलं. विक्की घाबरून पळतच सुटला. नथ्थूभाऊंनी भोकावर बोट फिरवून पाहिलं आणि मला घरी आणलं.

त्यांना वाईट वाटलं होतं. संध्याकाळी ते बांबू घेऊन बसले. मासे धरायचे सापळे विणणारे त्यांचे हात. त्यांनी बांबूच्या कामट्यांचं कॅरिअर बनवलं आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी माझ्या अंगाला घट्ट बांधलं. एक खिळा नाही, एक टाका नाही. भोकावरही ट्यूबची पट्टी गुंडाळली. जंगलच्या वाटेवर जनावराला आपली चाहूल लागावी म्हणून आमच्याकडे सगळे घंटी वाजवत जातात, तेव्हा रीताने बैलाच्या गळ्यातली घंटी माझ्या हँडलला बांधली. दुकानातल्या लोकांनी मला पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. मला मात्र नटल्यासारखं वाटत होतं.

आता ऐका त्या दिवसाची गोष्ट. तिच्यासाठीच तर मी एवढा वेळ बोलते आहे!

गेल्या वर्षी गावातल्या बायकांच्या बचत गटाने गावचा तलाव पहिल्यांदाच मासेमारीला घेतला. गटाच्या अध्यक्ष मनकर्णाबाई, पण धडपड सगळी रीताची. पुरुषांच्या मच्छीमार संस्थेने एका वर्षासाठी म्हणून तलाव दिला, तोही हसत हसत. नथ्थूभाऊ त्या संस्थेचे जुने सभासद. ते म्हणाले होते, "बायका तलाव सांभाळतीन? पाहू. मासोळी झाली तं तलाव तुमचा, नाई झाली तं वापस." बाहेरगावाहून माशांची पिल्लं आणून तलावात सोडायची, त्यावर सगळं वर्ष अवलंबून. बोटाएवढी असतात म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. ती पाण्याच्या पिशवीत, वर हवा भरून, तोंड घट्ट बांधून येतात. हवा संपली की पिल्लं मेली.

ऑगस्टचा महिना. वडशाकडून टेम्पो निघाला. सहा पिशव्या, प्रत्येकीत पाचशे बोटुकली. सकाळी दहाला टेम्पोवाल्या मिथुनचा फोन आला. "रीतावहिनी, नाल्यावरचा रपटा वाहून गेला. गाडी पुढं येत नाई. पिशव्यात एक वाजेपर्यंतची हवा हाय."

रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. नाला गावापासून तीन कोस. मधली सडकही जागोजागी खचलेली, उरली फक्त जंगलातली पायवाट आणि धानाच्या शेतांचे धुरे, म्हणजे अरुंद बांध. विक्की मोटरसायकल घेऊन धावला, आणि पहिल्याच धुऱ्यावर ती सायलेन्सरपर्यंत चिखलात रुतली. चालत जाऊन यायला दिवस गेला असता. मनकर्णाबाई डोक्याला हात लावून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसल्या.

रीताने मला बाहेर काढलं. तेवढ्यात काळीच्या स्टँडचा खट्ट आवाज झाला. नथ्थूभाऊ!

"मामाजी, तुम्ही?"

"तीन तुह्या, तीन माह्या. चाल!"

मित्रांनो, काय सांगू! पाच वर्षं खुंटीवर मी ज्याचं स्वप्न पाहत होते ते हेच! चिखल, मुळं, दगड, ओढे. माझे स्प्रिंगचे पाय दबत होते, उठत होते. जाड टायर चिखल चावत होते. घंटी खणखणत होती. मागून काळी करकरत येत होती. वाटेत सागाचं एक झाड आडवं पडलेलं होतं, त्यावरून दोघांनी मिळून आम्हाला पलीकडे घेतलं.

नाल्यावर मिथुन कमरेइतक्या पाण्यातून एकेक पिशवी डोक्यावर घेऊन अलीकडे आला. रीताने बांबूच्या कॅरिअरवर ओलं तणस, म्हणजे भाताचं काड पसरलं आणि तीन पिशव्या बांधल्या. आत पिल्लं वळवळत होती. पाचशे आणि पाचशे आणि पाचशे जीव माझ्या पाठीवर! टॉवेल वाहणारी मी, माझा ऊर भरून आला.

परतीची वाट कठीण होती. टेकडीच्या उतारावर काळीचे ओले ब्रेक लागेनात. नथ्थूभाऊ उतरले आणि तिला धरून चालू लागले. माझे ब्रेक मात्र एका बोटावर लागत होते. मग ते सागाचं झाड आलं. रीताने पिशव्या सोडल्या, मला एका हाताने उचलून पलीकडे ठेवलं, पुन्हा पिशव्या बांधल्या. मागे वळून पाहते तर नथ्थूभाऊ काळीला उचलायला बघताहेत आणि ती हलत नाही. रीता परत गेली. दोघांनी मिळून तिला ओढलं. दहा मिनिटं गेली.

"तू जाय आता," नथ्थूभाऊ धापा टाकत म्हणाले.

"तुम्हाले सोडून कशी जाऊ, मामाजी?"

"मी मरून राह्यलो का? ते मरतीन. जाय!"

रीता निघाली. ती रडत होती आणि पॅडल मारत होती. चढावर तिने गिअर टाकला, मी एकदाही कुरकुरले नाही. एका पिशवीतली पिल्लं वर येऊन तोंड उघडू लागली होती. रीता त्यांच्याशी बोलत होती, "थांबा, आलंच आपलं पाणी, आलंच."

तलावाच्या पाळीवरच्या बायकांना आधी माझी घंटी ऐकू आली आणि मग आम्ही दिसलो. वीस हात धावले. पिशव्या एकदम उघडायच्या नसतात, आधी त्या तशाच पाण्यात ठेवून आतबाहेरचं पाणी सारखं होऊ द्यावं लागतं. ती अर्धी घटका मला पाच वर्षांपेक्षा मोठी वाटली. मग मनकर्णाबाईंनी गाठ सोडली. पिल्लं क्षणभर तशीच थांबली आणि सर्रकन पाण्यात शिरली! तिन्ही पिशव्या! बायका नाचायला लागल्या. मी पाळीवर आडवी पडले होते, कारण मला स्टँड नव्हता. पण मीही आतून नाचतच होते.

नथ्थूभाऊ तासाभराने आले. काळीच्या मागच्या चाकात काटा मोडला होता. त्यांनी तिला रिमवर ढकलत आणलं होतं आणि वाटेत जागोजागी थांबून पिशव्यांवर गार पाणी शिंपडलं होतं. दोन पिशव्यांतली पिल्लं जगली. तिसरीतली पाचशे पांढरी पोटं वर करून तरंगत होती. नथ्थूभाऊ ती पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी लाखाची आहे का? काळीची किंमत माझ्या किमतीच्या विसाव्या हिश्शाएवढीही नव्हती. मग मी तिच्यापेक्षा वीसपट चांगली आहे का? नाही हो! मी एका पिशवीने चांगली आहे. पण त्या दिवशी त्या एका पिशवीत पाचशे जीव होते, आणि गॅलरीतल्या खुंटीवर मी शून्य पिशव्यांची होते. माझ्या किमतीबद्दल मला एवढंच कळलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नथ्थूभाऊंनी काळीचं पंक्चर काढलं. मग जंगलात जाऊन सागाचं एक बेचकं तोडून आणलं. ते तासलं, ट्यूबच्या पट्टीने माझ्या अंगाला असं बांधलं की हवं तेव्हा खाली पाडता यावं. मला भिंतीपासून दूर नेलं, काळीच्या शेजारी, आणि हात सोडला. मी पडले नाही.

"उभी राह्य आता," ते म्हणाले.

रीता दारात उभी होती. तिच्याकडे न बघता ते पुढे बोलले, "अन् तलाव तुमचाच हाय. मी संस्थेत सांगून येतो."

आता माघ लागला आहे. काल तलावात पहिलं जाळं पडलं. एकेक मासा किलोचा! आज बाजार. माझ्या पाठीवर टोपली आहे, काळीच्या पाठीवर दोन आहेत, त्याबद्दल ती मला चिडवते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, गॅलरीत, जिन्याखाली कुणी टांगलेली असेल तर तिला आज खाली उतरवा. ती लाखाची असो की भंगारातून आणलेली असो. चाकात हवा भरा, चेनला तेल द्या, तिच्यावर काहीतरी लादा आणि तिला कुठेतरी न्या. आणि तिला उभं राहता येत नसेल, तर हसू नका. जंगलातून एक बेचकं आणा.